करपलेली वाम

बाबांनी फोनवर सांगितलं तेवढंच हेरिमला ठाऊक होतं. बाईचं नाव मालसुन, देगूच्या बाजारात तिचं रजयांचं दुकान, आणि तिच्याशी लग्न करून तिला घरी आणायचं ठरलं आहे. हेरिमनं हो म्हणायचं तेवढं बाकी. आईच्या पहिल्या श्राद्धाआधी ते उरकावं, म्हणून शनिवारी तिघांनी बुसानला भेटायचं आणि दिवसभर चांगलंचुंगलं खायचं. परवानगी मागायची तीसुद्धा जेवता जेवता. बाबांची रीत बदलली नव्हती.

हेरिम सोलहून निघाली ती ‘नाही’ म्हणायचं ठरवूनच.

डुकराच्या रश्शाच्या दुकानाबाहेर रांग होती. काचेवर टीव्हीच्या कार्यक्रमांचे फोटो चिकटवलेले. त्या गल्लीत टीव्हीवर न आलेलं दुकान शोधूनही सापडलं नसतं. मालसुननं जांभळी टोपी घातली होती, टोपीखालचे केस नुकतेच कुरळे करून घेतलेले. भेटल्या भेटल्या तिनं हेरिमचा दंड दाबून पाहिला.

“किती वाळलीस गं बाळ! सोलमध्ये जेवायला देत नाहीत का?”

“देतात काकू. रांगेत उभं करून नाही.”

“अगं, रांगेत भूक लागते. फुकटची चटणी समज ती.”

रस्सा आला. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहत बसले. मालसुननं त्यांच्या वाडग्यात खारवलेली बारीक कोळंबी घातली, पात घातली, ढवळलं, स्वतःच्या चमच्यानं चव घेतली आणि वाडगा पुढे सरकवला.

“हं, आता खा प्योसाहेब.”

आडनावापुढे साहेब! बाबांच्या स्वतःच्या चष्म्याच्या दुकानातसुद्धा त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. बाबा घाम पुसत भुरके मारत होते. हेरिमनं नजर फिरवली. गेली त्या आठवड्यात आईनं हॉस्पिटलातून हेरिमला फोन करून सांगितलं होतं, किमचीच्या फ्रीजमधला खालचा डबा बाबांना काढून दे, त्यांना झाकण उघडत नाही. उघडत नव्हतं, की उघडायचं नव्हतं, हे आईनं कधी तपासून पाहिलं नाही.

दुपारी गार शेवयांच्या दुकानात पुन्हा तेच. आधी मालसुनचे फोटो: वाडग्याचा एक, बाबांचा एक, बाबा आणि वाडगा असा एक. मग तिनं कात्री उचलून बाबांच्या शेवया कापल्या.

“बाबा, तुमचे दात पडले का?”

“अगं, कापल्या की घशाखाली बऱ्या उतरतात.”

“मग तुमच्या तुम्ही कापा की.”

बाबा हसले. “बघ मालसुन, पोरीची जीभ अगदी आईवर गेली आहे.”

आई जन्मात त्यांना असं काही बोलली नव्हती. इतकंही या माणसाला आठवू नये! हेरिमनं शेवया तशाच लांबलचक ओढून खाल्ल्या. समोर मालसुन दातात अडकलेली पात जिभेनं काढत होती. घर बघून आली आहे, हेरिमला वाटलं. दोन खोल्या, गच्ची, बाजार हाकेच्या अंतरावर. रजया विकणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

संध्याकाळी मासळी बाजारामागच्या दुकानात वाम भाजायला बसले. टेबलाच्या मधोमध निखारे, वर जाळी. ताट येताच मालसुननं चिमटा आणि कात्री उचलली. उलटली, कापली, पहिला तुकडा बाबांच्या वाडग्यात. दुसरा हेरिमच्या. तिसरा परत बाबांच्या. धुरानं तिचे डोळे गळत होते, टोपी मागे सरकली होती. तिच्यापुढचा वाडगा कोरडा होता. बाबांनी तोंडातला घास संपायच्या आत वाडगा थोडा पुढे केला, न बघता.

घर बळकावायला आलेल्या बाईचा हात असा चालत नाही. हा हात आधीच नोकरीला लागला होता.

“मग हेरिम?” बाबांनी तोंड पुसलं. “काय ते सांगून टाक. मालसुनची तयारी आहे.”

“काकू,” हेरिम म्हणाली, “चिमटा खाली ठेवा.”

“अगं, करपेल!”

“करपू दे. त्यांना उलटू दे.”

मालसुननं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. चिमटा तिनं बाबांच्या बाजूला ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

वाम तडतडायला लागली. कडा आक्रसल्या, काळ्या पडल्या. बाबांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

“अरे, काय चाललंय काय? जळतंय ना!”

“जळतंय,” हेरिम म्हणाली.

बाबांनी हात लांब केला. चिमट्यावरून पुढे नेला आणि टेबलाच्या कोपऱ्यातली बेल दाबली.

“मावशी! जरा इकडे बघा!”

मालसुन एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. “साहेब, माझ्या घरी बेल नाही हो.”

“तुझ्या घरी कशाला? तू आमच्याकडे येणार आहेस ना?”

“मी कधी म्हटलं येते म्हणून? तुम्ही म्हणालात, लेकीला विचारतो. मी म्हटलं, विचारा. मला विचारलंत कधी?”

बाबांनी हेरिमकडे पाहिलं, तिनंच काहीतरी पढवल्यासारखं. सोलहून जपून आणलेला नकार आता तिच्याही कामाचा राहिला नव्हता.

“माझी ना नाही, बाबा,” ती म्हणाली. “पण काकू, तुम्ही येऊ नका.”

“ते माझं मी बघेन, बाळ. देगूला जाऊन, डोकं थंड करून. तू खा आधी.”

वाढणारी बाई आली. काळी झालेली जाळी तिनं उचलली, नवी ठेवली, ताटातली उरलेली वाम वर मांडली, उलटली, आणि रीतीप्रमाणे पहिला तुकडा वडीलधाऱ्या पुरुषाच्या वाडग्यात टाकून निघून गेली. बाबांनी तो लगेच खाल्ला.

दुसरा तुकडा मालसुननं काड्यांनी स्वतः उचलला. फुंकर न मारता तोंडात टाकला, चटका बसला तसे डोळे मिटले, आणि सावकाश चावत राहिली. हेरिमनं, थोरामोठ्यांना मानानं ओततात तशी, दोन्ही हातांनी तिच्या पेल्यात सोजूची दारू ओतली.

“भात सांगायचा का?” बाबांनी विचारलं.

कुणी हललं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा बेल दाबली.