गालावरची हळद

मी एक चांदीचं नाणं. वय दोन हजार वर्षं, जन्म रोमच्या राज्यात. एका अंगाला आमच्या सम्राटांचा मुखडा, दुसऱ्या अंगाला भरधाव घोड्यावरचा स्वार. एवढा थाट असल्यावर माणसाला गर्व होतो, मला का होऊ नये?

मिरीच्या बदल्यात मी जहाजातून इकडे आलो. चांदी खरी की खोटी हे पाहायला एका व्यापाऱ्याने सम्राटांच्या गालावर छिन्नीचा घाव घातला. पुढे कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीतून पडलो आणि मातीत गेलो.

वीस वर्षांपूर्वी रहिमतपूरजवळच्या उसात विजयमालाबाईंच्या खुरप्याला लागलो. त्यांचे पती लालासाहेब फौजेत होते, बर्फाच्या कड्याखाली गेले. देह सापडला नाही. लढाईत गेलेल्या पुरुषाचा चांदीचा टाक त्या घरात देव्हाऱ्यात बसवतात, त्यावर घोडेस्वार असतो. पण देह पाहिल्याशिवाय टाक घडवायला बाई तयार नव्हत्या.

त्यांनी मला पदराने पुसलं, घोडेस्वार पाहिला आणि मला कपाळाला लावलं.

“मालक आलं,” एवढंच म्हणाल्या.

झालं. रोमचा सम्राट खंडोबाशेजारी बसला. दर रविवारी चिंचेने अंघोळ, मग हळदकुंकू. आधी मला हसू यायचं. पण गालावरच्या घावात बाई इतक्या हलक्या बोटाने हळद भरायच्या, की तो घाव इतकी वर्षं दुखत होता हे मला तेव्हा कळलं.

गेल्या दिवाळीत नात पूजा आली. कराडला इतिहास शिकते. तिने मला भिंगाखाली धरलं आणि कडेची अक्षरं लावत सम्राटांचं नाव वाचलं. दोन हजार वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं, आणि मला वाटलं, पोरीने चुकीचं वाचावं.

“आजी, हे आजोबा न्हाईत गं,” ती चाचरत म्हणाली. “रोमचा राजा हाय. असलं नाणं सरकारात द्यावं लागतंय.”

बाईंनी कडेच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “त्याचं नाव लिवलंय त्यावर?”

“व्हय.”

“मग त्याच्या नावानं जाऊ दे त्याला. उद्या मालक कुणाला गावलं, तर गावणाऱ्यानंबी बिल्ल्यावरचं नाव बगूनच घरी धाडावं.”

साताऱ्याला संग्रहालयात साहेबांनी कापसाने मला पुसायला घेतलं. बाई टेबलाशी उभ्या होत्या.

“आवं सायेब, गालाजवळ जरा हळू.”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कापूस बाजूला ठेवला.

देव्हाऱ्यातली माझी रिकामी जागा बघवेना, म्हणून बाईंनी आता सोनाराकडून लालासाहेबांचा टाक घडवून घेतला, माझ्या पाठीवरच्या स्वाराचा फोटो दाखवून. मला त्या टाकाचा हेवा वाटतो.

मी काचेआड असतो. पाटीवर सम्राटांचं नाव आहे, वजन आहे, साल आहे. वाकून पाहिलंत तर गालावर एक पिवळी रेघ दिसेल. तिच्याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.