शून्य मापाचं गिऱ्हाईक

मी एक रिकामा कन्स्ट्रक्टर बोलतोय. नाव भारदस्त आहे, पण दचकू नका; कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली, नोंद घडवणारी एक ओळ आहे मी. आधी 'गिऱ्हाईक' हा शब्द, पुढे रिकामा गोल कंस, त्यापुढे रिकामा महिरपी कंस. संपलो मी.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला, शिलाईचं मशीन आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत. मास्तरांची मापांची वही वाळवीने निम्मी फस्त केली, तेव्हा त्यांच्या लेकीने कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला. वाचलेली मापं त्यात भरली आणि तिच्या शब्दावर मास्तरांनी वही टाकून दिली.

नवं गिऱ्हाईक आलं की त्याची नोंद घडवतो माझा थोरला भाऊ. नाव, छाती, कंबर, उंची अशी चार आर्ग्युमेंट हातात पडल्याशिवाय तो जागचा हलत नाही. मी एकही आर्ग्युमेंट घेत नाही. वाद न घालणाऱ्याला माणसं बिनकामाचा समजतात, हे तुम्हाला माहीत असेलच. खरं तर थोरला येण्याआधी कॉम्प्युटर मला आपणहून पुरवायचा. थोरला लिहिला गेला आणि कॉम्प्युटरने हात झटकले. मग लेकीने पुस्तकात बघून मला हाताने लिहिलं.

दुकान बंद होताना सगळी गिऱ्हाइकं अक्षरांच्या सपाट ओळी होऊन फाइलमध्ये जाऊन बसतात. याला सिरियलायझेशन म्हणतात. नाव लांबलचक, काम घडी घालण्याचं. सकाळी घडी मोडताना मी आधी एक कोरं गिऱ्हाईक उभं करतो: नाव नाही, छाती शून्य, कंबर शून्य. मग ओळीतले आकडे त्याच्या अंगावर चढतात. कौतुक अर्थातच आकड्यांचं होतं.

एका दुपारी मास्तरांचा भाचा आला. तो मोठ्या कंपनीत असतो. न विचारता सल्ला द्यायची सवय त्याला तिथेच लागली असावी.

"हे काय गं? आत काहीच नाही!"

"राहू दे ना दादा, पुस्तकात होतं."

"छाती शून्य, कंबर शून्य. भुतांचे कपडे शिवता की काय?"

लेक एका गिऱ्हाइकाला बटणं दाखवायला पुढे गेली आणि त्याने मला पुसलं. सांगायची तसदीही घेतली नाही.

पुढचं मी थोरल्याकडून ऐकलंय. त्या दिवशी काही बिघडलं नाही, कारण घड्या सकाळीच उघडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच एक बाई कोटाचं कापड घेऊन आल्या. त्यांचा मुलगा जहाजावर खानसामा. बोटीतून उतरून तो थेट लग्नाला उभा राहणार होता, आणि त्याचं माप होतं फक्त कॉम्प्युटरमध्ये. मास्तर कात्री घेऊन तयार. पडद्यावर मात्र लाल अक्षरं: 'रिकामा कन्स्ट्रक्टर सापडत नाही.'

पडद्यावर माझं नाव! जिवंतपणी हा मान कधी मिळाला नव्हता. गेल्यावर आठवण काढायची पद्धत कॉम्प्युटर माणसांकडूनच शिकला असणार.

"दोनशे बारा माणसं, आणि एकाचंही माप नाही?" मास्तर म्हणाले. "वही टाकायला तूच सांगितलंस ना? आज हा कोट कापता आला नाही, तर उद्या हे खोकं दुकानात दिसायला नको."

लेकीचे कान लाल झाले. तिने ती ओळ तीनदा वाचली आणि भाच्याला फोन लावला.

"दादा, काल तू काही पुसलंस?"

"पुसलं नाही गं, साफसफाई केली. एक रिकामी ओळ होती."

"बाबा," ती वळून म्हणाली, "आधी कोरं माणूस उभं राहतं, मग त्याला मापं चढतात. ते कोरं माणूसच यानं उडवलंय."

मास्तरांनी फोन हातात घेतला. "भाचेबुवा, टेपचं शून्याचं टोक कापून कुणी साफसफाई करतं का?"

"पण मामा, ते रिकामंच..."

मास्तरांनी फोन ठेवला होता.

लेकीने मला पुन्हा लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग मी एकामागून एक दोनशे बारा कोरी माणसं उभी केली, आणि त्यांतलं एक खानसामा झालं. कात्री कापडावरून सरसर निघाली. बाईंनी आभार मानले, कॉम्प्युटरचे.

आता माझ्या डोक्यावर लेकीने एक ओळ लिहून ठेवली आहे: 'हा रिकामा दिसतो. हात लावू नये.' भाचा आला की ती एवढीच ओळ त्याला वाचायला लावते.

आणि रोज सकाळी मास्तर शटर वर करून विचारतात, "रिकामा आहे ना गं जागेवर?"

"आहे, बाबा."

"मग उघड."

तेवढ्यापुरता मी कामाला येतो. बाकी दिवसभर मी काहीच करत नाही. थोरल्याला विचारा, तो आनंदाने सांगेल.