लाल सोंगट्या

हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला अष्टकोनी लाल राजा. वरचं अक्षर अर्धं पुसलेलं.

दुथडी भरलेला ओढा. कुणाच्या तरी पाठीवर बसलेलं पोर, दोन्ही हातांत स्वतःचे बूट.

पिशवीत उकडलेली अंडी, कागदाच्या पुडीत मीठ.

सोलमध्ये पासष्टी गाठली की मेट्रो फुकट.

जोंगनोच्या बागेत जांगीचा, म्हणजे कोरियन बुद्धिबळाचा, डाव मांडायच्या आधी वय विचारतात; तेही बारा प्राण्यांच्या सालांवरून. मोठा असेल तो लाल सोंगट्या घेतो. धाकटा हिरव्या घेतो आणि पहिली चाल करतो. फार वर्षांपूर्वी एका सकाळी प्यो जोंग-मानने समोर बसलेल्या बांग ग्यु-सिकला विचारलं, "गाव कुठलं आणि साल कुठलं? मी डुकराच्या सालचा."

ग्यु-सिकने नाव आणि गाव खरं सांगितलं. साल मात्र कुत्र्याचं सांगितलं, म्हणजे एका वर्षाने मोठं. खरं तर तो वाघाच्या सालचा, जोंग-मानहून तीन वर्षांनी लहान. घरात तो शेंडेफळ, कारखान्यात सगळ्यांचा 'ए पोरा'. एकदा तरी कुणी आपल्याला दादा म्हणावं, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

तेव्हापासून लाल सोंगट्या त्याच्या. जोंग-मान दोन्ही हातांनी त्याचा पेला भरायचा, आणि स्वतः पिताना, वडीलधाऱ्यांपुढे वळवतात तसं, तोंड बाजूला वळवायचा. ग्यु-सिक त्याला बिनदिक्कत 'तू' म्हणायचा.

"दादा, उद्या ओन्यांगला जाऊ," पासष्टी गाठली त्या वर्षी एकदा जोंग-मान म्हणाला. "गरम पाण्यात गुडघे शेकू. आपल्याला काय, जाणं-येणं फुकट."

नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी जोंग-मान कार्ड टेकवून फाटकापलीकडे गेला. ग्यु-सिक खिसे चाचपत अलीकडेच उभा.

"कार्ड घरी राहिलं."

"डोकं आणलंत हे नशीब. त्या यंत्रात ओळखपत्र घाला, फुकटचं तिकीट येतं."

"तू हो पुढे. मी... मला आज जरा बरं नाही वाटत."

जोंग-मानने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फाटकातून परत अलीकडे आला, यंत्राशी गेला, स्वतःच्या पैशांनी पुऱ्या भाड्याचं तिकीट काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"ओळखपत्राचं बंद पडलंय दादा. ही यंत्रं अशीच."

रांगेत जोंग-मानच्या मागे उभ्या असलेल्या म्हातारीने ओळखपत्र आत घातलं. फुकटचं तिकीट खटकन बाहेर आलं. ते ग्यु-सिकने पाहिलं. आपण पाहिलेलं जोंग-मानने पाहिलं, हेही त्याला कळलं.

गाडीत त्याचे कान तापलेले होते. वृद्धांच्या राखीव जागेवर जोंग-मानने शेजारची जागा थोपटली, तरी तो दांडी धरून उभाच राहिला.

ओन्यांगला, न्हाणीघराबाहेरच्या बाकावर, जोंग-मानने घडीचा पट उघडला. ग्यु-सिकने लाल सोंगट्या ओंजळीत घेतल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

"हे काय आणखी?"

"आज तुम्ही घ्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडातून 'तुम्ही' निघालं. जोंग-मानने पट तसाच्या तसा फिरवला. लाल पुन्हा ग्यु-सिकपुढे.

"माझा हात हिरव्यांवर बसलाय. या वयात नवं काय शिकवताय? बसा."

ग्यु-सिक वेड्यासारखा खेळला. हत्ती दिला, रथ दिला. जोंग-मानला जिंकायची घाई नव्हती. त्याने मधलं प्यादं बाजूला सरकवलं. आता दोन्ही राजांच्या मध्ये काहीच उरलं नाही. असं झालं आणि समोरच्याने राजा हलवला नाही, की डाव बरोबरीत सुटतो.

"समोरासमोर आले," जोंग-मान म्हणाला. "हलवताय?"

ग्यु-सिकला मान वर करवेना. बोट लाल राजावर होतं, पण उचलवेना.

"जोंग-मान, माझं साल..."

"अंडं खा दादा. मीठ संपलंय, तेवढं चालवून घ्या."

जोंग-मान पाचवीत असताना, दोघांच्या गावच्या ओढ्याला पूर आला त्या दिवशी, त्याने आपल्या धाकट्या भावाच्या वर्गातल्या बांग ग्यु-सिक नावाच्या दुसरीतल्या पोराला पाठीवर घेऊन घरी पोचवलं होतं.