पित्तराची सीट

देवळीत फ्लेक्स फ्युएल, म्हणजे इथेनॉलवरही चालणारी गाडी घेणारा पहिला माणूस म्हणजे माझा नवरा गजेंद्र. पहिला आणि अजून तरी शेवटचा. शोरूमवाला म्हणाला होता की नागपुरात अशा गाड्या बऱ्या खपतात, पण वर्ध्याकडून कोणी चौकशीलाही येत नाही. येणार कशाला? इथेनॉलचा पंप नागपुरात, आणि आमच्याकडच्या माणसाला टाकी भरायला दोन तास गाडी चालवायची हौस नाही. आमच्या साहेबांना होती. कृषी केंद्र चालवतात ना, दिवसभर गिऱ्हाइकांना बियाण्याबरोबर उपदेशही विकतात. मक्यापासून इंधन, तांदळापासून इंधन, शेतातलं पुन्हा शेतकऱ्याच्याच गाडीत. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पानठेल्यावर त्यांची भरपूर टिंगल झाली. इथेनॉल म्हणजे शेवटी दारूच, आणि वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी. "गजूभाऊ, मानसाईले बंदी अन् तुमची गाडी रोज टुल्ल!" असं लोक म्हणायचे आणि हा आपला हसायचा. हसू शकत होता, कारण त्यानं स्वतः आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. मला पाहायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात देतानाच मी विचारलं होतं, "तुम्ही घेता का?" सगळी बैठक गार पडली. तो म्हणाला, "नाई. अन् घेनार बी नाई." तेवढ्या एका उत्तरावर मी हे लग्न केलं.

विचारायला कारण होतं. त्याचे वडील, मधुकरराव, माझे मामाजी. शुद्धीत असले की देवमाणूस. पण आमच्याकडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो, तिथं बंदी नाही. अमका पुलापलीकडे गेलता म्हटलं की देवळीत पुढचं काही सांगावं लागत नाही. मामाजी रोज जायचे. वास लपवायला विलायची चघळत परत यायचे, डावा पाय ओढत. एका संध्याकाळी येताना पुलावर थांबले आणि कठड्यावरून खाली गेले. तोल गेला की स्वतःहून गेले, ते कोणी पाहिलं नाही.

गाडी दारात आली तेव्हा पूजा झाली, लिंबू चिरडलं. गजेंद्रनं ती सुरू केली आणि मागून धूर आला, किंचित आंबूस, किंचित गोड. माझ्या सासूबाई, शोभाबाई, ओवाळणीचं ताट घेऊन तिथंच थबकल्या. कितीतरी वेळ नाकानं वास घेत उभ्या होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "सूनबाई, हे घरी आल्यासारखं वाटते वं, तुहे मामाजी." मी त्यांना आत नेऊन चहा दिला.

खरं बिनसलं ते भादव्यात, पितृपक्षात. आमच्याकडे श्राद्धाच्या दिवशी एखाद्या जाणत्या माणसाला पित्तर म्हणून जेवायला सांगतात. तो पाटावर बसला की तो तो नसतो, आपला गेलेला माणूस असतो. त्याला नावानं बोलवायचं नाही. जेवला की त्यानं उठायचं आणि आपल्या पायानं उंबऱ्याबाहेर पडायचं. घरातल्या बाईनं मागून उंबऱ्यावर पाणी टाकायचं. निदान चौकापर्यंत तो चालत गेला पाहिजे, मागे न पाहता. चौकात पोचला की पित्तर आपल्या वाटेनं जातो आणि माणूस आपल्या घरी.

मामाजींचे पित्तर म्हणून आंजी गावचे अण्णाजी बसायचे, मामाजींचे जुने मित्र. या वर्षीही आले, वडे-खीर जेवले. सासूबाई तांब्या भरायला आत गेल्या. मी उष्टं काढत होते. बाहेर ऊन कडकडीत. तेवढ्यात गजेंद्र म्हणाला, "चला काका, नव्या गाडीत सोडून देतो आंजीले." अण्णाजी नको नको म्हणत होते, पण या माणसाला गाडी मिरवायची होती. त्यानं मागचं दार उघडून त्यांना डाव्या सीटवर बसवलं, वर पट्टाही बांधून दिला. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या तेव्हा गाडी चौकातून वळत होती.

"पित्तराले गाडीत बसवलं त्यानं," त्या म्हणाल्या. त्यांनी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला. "आता ते उतरतीन कुठं?"

मी म्हटलं, आंजीला उतरतील. मला या गोष्टींचा रागच यायचा.

अण्णाजी आंजीला उतरले. गजेंद्र एकटा परत आला आणि गाडी दारात लागली तेव्हा आतून टिंग टिंग वाजत होतं. मागच्या सीटवर कोणी पट्टा न बांधता बसलं की ती गाडी तशी वाजते. मागे कोणीच नव्हतं. समोरच्या पडद्यावर मात्र डाव्या सीटचं चित्र लाल दिसत होतं. मी सीटवर हात ठेवला. गादी गरम होती, आणि मधोमध दबलेली.

गाडी सर्व्हिसिंगला टाकली. त्यांनी सीटखालचा सेन्सर बदलून दिला. घरी येईपर्यंत पुन्हा टिंग टिंग. पुन्हा दाखवली, तर तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, सेन्सर बराबर आहे. वजन दाखवून राह्यला." कोणाचं, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमची मुलगी आकांक्षा मागे बसायची बंद झाली. शाळेला सायकलनं जाते म्हणाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्या टिंग टिंगसोबतही संसार केला असता. पण एका दुपारी गजेंद्र दुकानातून जेवायला आला आणि त्याच्या तोंडाला विलायचीचा वास आला. हा माणूस चहात विलायची पडली तर कप सरकवून देणारा. माझं डोकंच फिरलं. भाजीचं पातेलं आपटलं आणि विचारलं, "प्यायलात?"

"आकांक्षाच्या डोक्याची शपथ, नाई," तो म्हणाला. त्याचे डोळे स्वच्छ होते, घाबरलेले होते. "गाडी चालवत असलो का तोंडात आपोआप चव येते. ज्योत्स्ना, मले पुलाकडं जाऊशी वाटते. रोज वाटते."

तो हात धुवायला उठला तेव्हा डावा पाय ओढत होता.

मी भ्याले. आयुष्यात पहिल्यांदा इतकी भ्याले. एका उत्तरावर मी या माणसाच्या घरी आले होते आणि ते उत्तर माझ्या डोळ्यांदेखत कोणीतरी पुसत होतं. मी म्हटलं, गाडी विका. पण देवळीत ही गाडी घेणार कोण? इथेनॉल बंद करा, साधं पेट्रोल टाका, म्हटलं. ही गाडी कशावरही चालते, हेच तर तिचं कौतुक होतं. टाकी रिकामी करून पेट्रोल भरलं. दोन दिवस बरे गेले असं वाटलं, मग पुन्हा तेच. गजेंद्र स्वतःच खिन्न हसून म्हणाला, "साध्या पेट्रोलमंदी बी पाचवा हिस्सा इथेनॉलच असते. आता कोनती गाडी कोरडी राह्यली?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूबाईंनी तोंड उघडलं. इतके दिवस त्या गप्प होत्या. मला वाटतं, त्यांना तो वास हवाहवासा झाला होता. गाडी उभी असली की मागच्या सीटवर उजव्या बाजूला जाऊन बसायच्या, निवडायची भाजी घेऊन. पण पोराचा ओढता पाय त्यांनीही पाहिला.

"त्याईले पायी वाटेले लावा लागते," त्या म्हणाल्या. "चौकातून आता नाई जमत. जिथून गेले, तिथूनच."

भर दुपारी आम्ही पुलावर गेलो. गाडी मी चालवली, गजेंद्र बाजूला, सासूबाई मागे. त्यांच्या शेजारची सीट वाजत होती. पुलाच्या अलीकडे गाडी लावली. सासूबाईंनी उतरून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "उतरा आता. लय झालं." वारा नव्हता. खाली नदीचं पाणी मातकट, हलतानाही दिसत नव्हतं. सीट वाजतच राहिली.

"ते एकटे कसे चालतीन?" गजेंद्र म्हणाला. "म्याच बसवलं, म्याच नेतो." त्यानं त्या रिकाम्या सीटपुढे हात धरला, जसा म्हाताऱ्या माणसाला उठवायला धरतात. आवाज थांबला. गादी हळूहळू वर आली.

सासूबाईंनी त्याच्या मागे रस्त्यावर पाणी टाकलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. "सूनबाई, पल्याड पोचेपर्यंत हाक मारजो नोको. पोचला का हे तिथं राह्यतीन अन् गजू एकटा पलटन. मधातच हाक मारली तं दोघंही वापस येतीन, अन् मंग हे कधी जाच्चे नाई."

माझी जीभ कधी जागेवर नसते, हे सगळ्या देवळीला माहीत आहे. मी दातांखाली धरली. गजेंद्र चालत होता, डावा पाय ओढत, उजवा हात कोणाच्या तरी खांद्याभोवती टाकल्यासारखा. एक ट्रक गेला, एक एसटी गेली. पुलाच्या मध्यावर तो थांबला. कठड्याकडे वळला. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि खाली पाहू लागला.

"चालन आता," सासूबाई पुटपुटल्या. "चालन."

तो चालला नाही. त्यानं डावा पाय उचलला, तोच ओढता पाय, आणि कठड्यावर ठेवला.

एक बाई माझं मनगट धरून होती, जिनं आपला नवरा याच जागी घालवला होता. तिचीही पकड सुटली. मला वाटलं होतं की मला बिनदारूचा नवरा हवा आहे. त्या क्षणी कळलं की मला फक्त नवरा हवा होता. अहो म्हटलं तर बापही ओ देईल, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला नावानं हाक मारली. ओरडलेच.

"गजेंद्र!"

पाय खाली आला. तो वळला आणि आमच्याकडे चालू लागला, सावकाश, पाय ओढत. जवळ आला तेव्हा विलायचीचा वास आधी पोचला. तोंड माझ्या नवऱ्याचं होतं, पण हसू जुनं, मवाळ, ओळखीचं होतं.

"काऊन बोलावलं, सूनबाई?" त्यानं विचारलं.

सासूबाई मटकन रस्त्यावर बसल्या. मी त्याचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता, पण त्याची बोटं माझ्या बोटांत अशी रुतली की नखं लागली. आत कुठेतरी गजेंद्र होता आणि त्यानं मला धरून ठेवलं होतं.

मी गाडीचं मागचं दार उघडलं.

"या मामाजी," मी म्हटलं. "बसा. घरी जाऊ."