घंटेचा दोर

त्या सकाळी घंटावाल्याने नेहमीप्रमाणे चर्चच्या घंटेच्या दोराला मेण चोळले आणि घरी येऊन थोरल्या भावाच्या उशाशी बसला. दादा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्या शिशाने त्याची छाती पोखरली होती.

मरणाऱ्याला लावतात ते अखेरचे पवित्र तेल लावायला फादर आले. पण आधी त्यांनी एक छापील कागद पुढे केला. गेल्या निवडणुकीपासून ही रीतच पडली होती. कामगारांच्या पक्षातल्या माणसाने मरताना पक्ष सोडल्याचे लिहून द्यायचे; नाहीतर तेल नाही, घंटा नाही, दफनभूमीच्या कुंपणाआत जागा नाही.

दादाने कागद डोळ्यांजवळ धरला. "तिसऱ्या ओळीत खिळा उलटा बसलाय, फादर."

"सही कर. देवाशी वाद नको."

"देवाशी कसला वाद? रोज बोलणं होतं आमचं. त्यानं कधी पक्ष विचारला नाही."

"दादा, कर ना रे," धाकटा काकुळतीला आला. "देवाला मनातलं कळतंच की."

"कळतं ना? मग कागद कुणाला हवाय?"

दुपारी दादा गेला. कागद सहीविनाच राहिला.

"उठा, घंटा वाजवा," घंटावाल्याची बायको म्हणाली.

"फादर नको म्हणालेत."

प्रेताला आंघोळ घालायला शेजारची विणकरीण आली होती. ती हात न थांबवता म्हणाली, "आमचे मालक गेले तेव्हा काय म्हणालात, भाऊजी? 'वहिनी, वरून हुकूम आहे.' घ्या, आता हुकूम तुमच्या घरी पाहुणा आला."

त्याची मान खाली गेली. तिचा नवरा धरून, सही न करता गेलेल्या तिघांसाठी त्याने दोराला हात लावला नव्हता. आणि तिन्ही दिवशी घरी येऊन पोटभर जेवला होता.

तो मनोरा चढला. लोकांनी कान टवकारले. घंटा वाजलीच नाही. तो दोर सोडवून खांद्यावर टाकून उतरला. त्याच दोराने त्याने कुंपणाबाहेरच्या खड्ड्यात दादाची पेटी सोडली आणि दोरही आतच टाकला.

रविवारी फादर गरजले, "दोर कुठाय?"

"दादाकडे. तुमचा कागद घेऊन जा, देतो का बघा."

मिस्साची प्रार्थना घंटेवाचून झाली. सगळी बाके भरली होती. खिडकीतून कुंपणापलीकडचे मातीचे चार उंचवटे दिसत होते. तिथे विणकरीण आणि घंटावाला उभे होते.

आत सगळ्यांनी डोळे घट्ट मिटून प्रार्थना केली. डोळे मिटले की खिडकीबाहेरचे दिसत नाही.