बॅटरीमागचा खटका

रविवारी सकाळी गुणाजीनं फियाटची मेलेली बॅटरी उपसून बाहेर काढली. नवी बसवताना त्यानं भावजयीला हाक मारली, “वयनी, जरा हात लाव गे. एका बाजूनं धर.” वनमालानं पदर खोचला आणि हात लावला. बॅटरी बसली, गुणाजी पान्हा उचलायला वाकला आणि तेवढ्यात तिनं बॅटरीमागचा बारकासा खटका बोटानं खाली दाबला. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून तो तिच्या नवऱ्यानं, जयवंतनं, बसवला होता. खटका खाली असला की दिवे लागायचे, स्टार्टर फिरायचा, पण प्लगला ठिणगी म्हणून मिळायची नाही. हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला जयवंत तीन महिन्यांपूर्वी गेला होता.

जयवंत विक्रोळीच्या पार्कसाइटला लोकांना गाडी शिकवायचा. फियाट त्यानं बायकोच्या नावावर घेतली आणि तिलाही चालवायला शिकवली. संपात गिरणी सुटली तेव्हा धाकटा भाऊ गुणाजी हात हलवत आला. त्याला तीन वर्षं याच घरानं जेवू घातलं. आणि त्यानं पांग कसे फेडले? तर भावाचं तेरावं व्हायच्या आत, विम्याचा कागद आहे म्हणून थाप मारून, डोळ्यांतून पाणी गळत असलेल्या वनमालाची सही त्यानं गाडी विकायच्या फॉर्मवर घेतली. तिला हे कळलं कालच, गिऱ्हाईक ठरल्यावर. आपणच गाडी शिकवून पोट भरायचं, एवढा एकच बेत तिच्याजवळ उरला होता. गाडी गेली की तोही गेला. तिनं आरडाओरडा केला नाही. अंगाची नुसती लाही झाली होती.

दहा वाजता भांडुपच्या गावठाणातले इग्नेशियस गाडी न्यायला आले. गुणाजीनं ऐटीत चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. इंजिन काही धरेना.

“नवी बॅटरी हाय ना सायेब, जरा टाइम लागतो,” गुणाजीनं ठोकून दिलं.

त्यानं टर्मिनल आवळली. वायरी उलट्यासुलट्या लागल्या की काय म्हणून पुन्हा तपासल्या. टर्मिनलवर कढत पाणी ओतलं. ते पाणी वनमालानंच आणून दिलं. प्लग काढून पुसले, परत लावले. बघता बघता अर्धी चाळ गोळा झाली. तळमजल्यावरचे भाऊराव म्हणाले, “अर्थिंग बघ रे.” गुणाजीनं तेही बघितलं. सगळं जागच्या जागी होतं आणि गाडी ढिम्म. बॅटरी बदलताना आपणच काहीतरी माती खाल्ली, हे त्याच्या तोंडावर दिसायला लागलं, तशी वनमालाला पहिली गुदगुली झाली.

“धक्का मारून बघा, भावोजी,” ती म्हणाली. “आधी चढावर न्या, मग उतारावर सोडू. स्टिअरिंगवर मी बसते.”

दोघेतिघे पुढे झाले, तर तिनं त्यांना थांबवलं. “तुम्ही कशाला? गाडी भावोजींची, ते समर्थ आहेत.”

चारचौघांत नाही कसं म्हणणार? गुणाजीनं एकट्यानं खांदा लावला. चढ फार नव्हता, पण फियाट म्हणजे काही हातगाडी नव्हे. अर्ध्या वाटेवर वनमालानं उगीचच ब्रेकवर हलकेच पाय ठेवला. आरशात त्याचं लालबुंद तोंड, मानेच्या तटतटलेल्या शिरा दिसत होत्या. ती डोळे भरून बघत राहिली. उतारावर तिनं गिअर टाकून क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि गप्प झाली.

“आणखी एकदा!” वनमाला खिडकीतून म्हणाली.

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला गुणाजी रस्त्यात फतकल मारून बसला.

“बॉडी झकास आहे, पण इंजिनाची वाट लागलेली दिसते,” इग्नेशियस म्हणाले. “आपल्याला नको बाबा.” आणि ते चालू लागले.

गुणाजीनं उठून गाडीच्या दाराला लाथ घातली. “भंगारात घालतो हिला!”

“मी चालू करून दाखवते,” वनमाला खाली उतरून म्हणाली. “पण माझ्या सहीचा कागद आधी माझ्या हातात द्या.”

“तू? तू चालू करणार?” गुणाजी धापा टाकत हसला. “घे तुझा तो कागद! त्याची पूजा घाल.” त्यानं खिशातला कागद काढून तिच्या अंगावर भिरकावला.

वनमालानं तो उलगडला, आपली सही पाहिली आणि फाडून त्याचे बारीक तुकडे केले. मग बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे हात घातला. आत बसून चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं.

आवाज ऐकून इग्नेशियस अर्ध्या रस्त्यातून धावत आले. “चालू झाली? मग मी घेतो!”

“विकायची नाही,” वनमाला म्हणाली.

गुणाजीला सगळा उलगडा झाला. खिडकीला धरून तो कसाबसा म्हणाला, “तुका ठावक होतं? मगे माका तीन-तीनदा ढकलूक कित्याक लावलंस?”

“गुणाजी,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं दिराला कधी नावानं हाक मारली नव्हती. “गाडी तर मला हवीच होती. पण नुसती गाडी मिळून माझं भागलं नसतं. तुला असा धापा टाकताना बघायचं होतं मला. हात काढ.”