अव्वाचं पाणी

ब्राह्मी मगदूम म्हणजे शिशाच्या मागे हात धुऊन लागलेली बाई. साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं तिने माणसांच्या रक्तातले धातू मोजले. रंगारी, बॅटऱ्या फोडणारे, त्यांची पोरं, कुणाला म्हणून सोडलं नाही. राहिली होती फक्त कुंडल गावी राहणारी तिची आई, गुणमालाबाई, जिला ती अव्वा म्हणायची.

अव्वाचं पोट महिनाभर दुखत होतं, हात थरथरत होते. वय झालं, असं डॉक्टर म्हणाले. ब्राह्मीने उगीच आपलं म्हणून रक्त नेलं आणि आकडा बघून तपासणी पुन्हा केली. आकडा तोच आला. कारखान्यातल्या कामगारात सापडावं एवढं शिसं होतं.

मग घरची हळद, तिखट, काजळ, काढ्याच्या पुड्या, नळाचं पाणी, सगळं साताऱ्याला गेलं. सगळंच स्वच्छ निघालं. इकडे अव्वा दिवसेंदिवस खंगत चालली. परक्यांच्या आयांचे आकडे ब्राह्मीने शांतपणे वाचले होते, पण आता तिची झोप उडाली.

तिसऱ्या खेपेला आल्या आल्या तिने तहानेने नळाखाली पेला धरला, तशी अव्वा कडाडली.

"आगं, न गाळता पितीस? शिकून लय शानी झालीस व्हय!"

ब्राह्मीचा हात तिथेच थांबला. जैनांच्या रीतीप्रमाणे अव्वा पाणी गाळून, उकळून पितळेच्या पातेल्यात ठेवी आणि दिवस मावळेपर्यंत तेच पिई. ब्राह्मीला हे जन्मापासून ठाऊक होतं. तरी या विदुषीने नमुना घेतला होता नळाचा! तिने पर्समधली, शिसं लागलं की लाल होणारी तपासणीची कांडी काढून पातेल्याच्या आतल्या कल्हईवर फिरवली. कांडी लालभडक झाली. कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं होतं.

"ही कल्हई कुणी केली, अव्वा?"

"जुना कल्हईवाला वारला. आता दुसराच येतोय. दर दोन म्हयन्याला करून घेती."

"एवढ्यांदा कशाला?"

"आता गं बया! नववीत तूच न्हाई का सांगितलंस, कल्हई उडालेलं पितळ म्हंजे इख? शाळंत बक्षीस बी मिळालं हुतं तुला. तवापासनं एकदा बी चुकवली न्हाई मी."

ब्राह्मीचं म्हणणं मोठमोठ्या परिषदांत लोकांनी टाळ्या वाजवून ऐकलं आणि घरी जाऊन ते विसरले. पस्तीस वर्षं शब्दन् शब्द पाळणारी ही एकच बाई होती आणि तीच आजारी पडली होती. ब्राह्मीला हुंदका आवरेना.

"माझं चुकलं, अव्वा. कल्हई कशाची आहे ते बघून घे, एवढं सांगायचं राहिलं. आजपासून स्टीलचं पातेलं. उद्या औषध सुरू करू, बरी होशील तू."

अव्वाने थरथरत्या हाताने पदर घेऊन तिचे डोळे पुसले.

"रडतीस कशाला? राहिलं आसंल ते आता सांग. ऐकायला मी हाय की."